पट्टा हातातच होता

शुक्रवारी रात्री ऑफिसातल्या एका मित्राचा फोन. "अरे, आम्ही कुत्रं आणलंय. फिरायला नेलं की जाम ओढतं. एखादा भक्कम पट्टा सुचव ना." मी अर्धा तास बोललो. पट्ट्यावर! शेवटी तो बिचारा म्हणाला, "बाबा रे, नुसती लिंक पाठव." लिंक काही मी पाठवली नाही. का नाही, ते सांगतो.

आमचा बंड्या. अस्सल गावठी, वजन १८ किलो, पिल्लू असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला. मांजर, स्कूटर, दूधवाला, वाऱ्यावर उडणारी पिशवी, काहीही दिसलं तरी आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असा आव. त्याच्यासाठी मी दुकानातला सगळ्यात जाड पट्टा आणला होता. जाड म्हणजे मजबूत, हे आपलं इंजिनिअरी लॉजिक. त्यात शेजारचे काका म्हणाले, "इतका आवळू नकोस रे, मुका जीव आहे." पटलं. दोन भोकं सैल केला.

२०२३ ची दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी माझा कॉल होता म्हणून आई त्याला घेऊन खाली गेली. कोपऱ्यावर कुणीतरी सुतळी बाँब लावला. आता गंमत बघा, बंड्या पुढे पळालाच नाही. तो मागे सरकला, मान खाली घातली, एक हिसडा दिला आणि पट्ट्यातून डोकं काढून थेट मेन रोडच्या दिशेने पसार.

मी धावत खाली आलो आणि पहिलं वाक्य काय बोललो? "अगं आई, घट्ट धरायचं ना!"

आईने नुसता हात वर केला. हातात लीश, लीशला पट्टा आणि पट्ट्याचं बक्कल व्यवस्थित लावलेलं. "धरलाच होता रे," ती म्हणाली.

चार तासांनी बंड्या सापडला. रस्त्यापलीकडच्या एका बिल्डिंगमध्ये, जनरेटरच्या मागे थरथरत बसलेला. तिथल्या वॉचमनकाकांनी दाखवला. रस्ता त्याने कसा ओलांडला देव जाणे. पण आईने पुढचे दोन महिने लीशला हात लावला नाही. "माझ्या हातून सुटला" हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि ते बसवलं होतं मी.

आमच्या धंद्यात ही सवय जुनीच. सिस्टिम कोसळली की आधी म्हणायचं, युजर एरर! युजरने तर सगळं बरोबर केलेलं असतं. डिझाइन करणाऱ्याने वाईटातल्या वाईट सेकंदाचा विचार केलेला नसतो. रोजच्या शांत वॉकला कुठलाही पट्टा चालतो, सुतळीसुद्धा. पट्टा निवडायचा तो त्या एका सेकंदासाठी आणि घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या हातासाठी. माझं म्हणणं एवढंच.

आता थोडं टेक्निकल. बऱ्याच गावठी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं आणि मान भरदार. आपल्याकडच्या कारवान हाउंडचंही तसंच. असं कुत्रं मागे सरकलं की साधा पट्टा टोपीसारखा निघतो. पट्ट्याच्या मजबुतीचा इथे संबंधच नाही, प्रश्न मापाचा आहे. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सपाट जावीत, जास्त नाही. काकांची दया आणि माझा आळस, दोन्ही त्या तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या जागेत होते.

अशा कुत्र्यांसाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो. त्यात एक मोठा फास असतो आणि एक छोटा. ओढ बसली की छोटा फास मोठ्याला आवळतो, पण आपण ठरवून दिलेल्या मापापर्यंतच. पूर्ण आवळल्यावर तो मानेला नीट बसला पाहिजे, गळा दाबता कामा नये. घरी आल्यावर मात्र काढून ठेवायचा. कुठे अडकला तर पंचाईत.

दुकानदार हमखास दुसरंच काढून दाखवतात. "साहेब, ओढतोय ना? चोक चेन घ्या, चार दिवसांत सरळ होईल." चोक चेनला थांबायची मर्यादाच नाही. आणि गळ्यात श्वासनलिका असते, हे दुकानदाराला नसलं तरी आपल्याला ठाऊक आहे. शिवाय समोर लहान मूल दिसलं आणि त्याच क्षणी गळ्याला कळ आली, तर कुत्रं त्या मुलाशी काय नातं जोडेल? खिळ्यांच्या पट्ट्याचंही तेच. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर तर वेल्सने २०१० मध्येच बंदी घातली.

एक ढोबळ गणित करा. १८ किलोचं कुत्रं सेकंदाला ५ मीटर वेगाने धावलं आणि लीश संपल्यावर ०.१ सेकंदात थांबलं, तर सरासरी बल ९०० न्यूटन. म्हणजे अंदाजे ९० किलोंचा भार, तोही एकट्या गळ्यावर! म्हणून उड्या मारणाऱ्या कुत्र्याची लीश हार्नेसला लावावी, हिसका छातीवर विभागला जातो. हार्नेसची कडी छातीवर पुढे असेल तर ओढताना कुत्रं आपोआप बाजूला वळतं आणि ओढण्यातली मजा जाते. पण हार्नेसमधूनही मागे सरकून निसटणारे महाभाग असतात. म्हणून बंड्याला आता दोन्ही असतं. लीश हार्नेसला, आणि हार्नेसपासून पट्ट्यापर्यंत एक छोटी जोडपट्टी. एक फेल झालं तर दुसरं आहेच. सर्व्हरला आपण बॅकअप देतो, मग जिवाला का नको? पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्लाही हवाच.

आणि हो, टेस्टिंग! दार बंद करून घरातच लीश लावा, कुत्र्याच्या समोर उभे राहा आणि हळूच आपल्याकडे ओढा. ते मागे सरकेल. पट्टा कानांपर्यंत आला की समजा, सैल आहे. दोन मिनिटांची टेस्ट. मी ती केली नव्हती. दर महिन्याला बक्कल, शिवण आणि कडीचा जोडही बघत जा.

एवढं करूनही पट्टा कुत्र्याला शहाणं करत नाही. ते काम रोजच्या सवयीचं, खाऊचं आणि आपल्या संयमाचं. पट्टा फक्त तोवर वेळ मिळवून देतो.

आईला मी सॉरी म्हणालो, पण त्याने फार काही झालं नाही. नवा सरंजाम आणला, ती घरातली टेस्ट तिच्याच हातून करून घेतली. बंड्याने जीव खाऊन मागे ओढलं, काही निसटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत दोघं खाली गेले होते.

तर मित्रा, लिंक नाही. आधी शिंप्याची टेप घे, मान मोज, मग डोकं मोज. कुत्र्याचं.