कॉलेजं आहेत, विद्यापीठाचं गाव कुठाय?

इस्लामपूरला ‘एज्युकेशन हब’ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. मला हा शब्द पटत नाही. गावात कॉलेजं असणं वेगळं आणि कॉलेजांना गाव माहीत असणं वेगळं.

वाळवा तालुका म्हणजे कृष्णा-वारणेच्या मधला उसाचा पट्टा. तालुक्याचं ठिकाण इस्लामपूर. २०२५ मध्ये सरकारने त्याचं नाव ईश्वरपूर करायचं ठरवलं. साखराळ्यात राजारामबापू साखर कारखाना आहे आणि तिथेच १९८३ साली सुरू झालेलं राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. ऊस आणि इंजिनिअर दोन्ही इथेच पिकतात. उसाचं गाळप इथे होतं, इंजिनिअरांचं पुण्यात.

मीही इंजिनिअरच. पोरं नोकरीसाठी बाहेर जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिथे चार वर्षं राहायचं, तिथला एक तरी प्रश्न सोडवून जायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठी उसाला भरमसाट पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या. त्या सुधारायच्या तर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागतो. पाइपांना उतार किती, दोन पाइपांत अंतर किती, निघालेलं खारं पाणी सोडायचं कुठे, हे सिव्हिलचं गणित आहे. मातीतले क्षार मोजणारा स्वस्त सेन्सर बनवणं इलेक्ट्रॉनिक्सचं काम. आणि आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट? कॉलेज कुठलंही असो, ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ ठरलेली.

हे काम कृषी विद्यापीठाचं, असं कोणी म्हणेल. पण पाइपाचा उतार काढायला शेतीची पदवी लागत नाही.

अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने त्या कॉलेजांतलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत न्यायची व्यवस्था लावली. न्यूयॉर्क राज्यातल्या टॉम्पकिन्स काउंटीत, इथाका गावात कॉर्नेल विद्यापीठ आहे. त्याच काउंटीत लोकांसाठी त्याचं विस्तार केंद्रही आहे. ही व्यवस्था आपोआप आली नाही, तिच्यासाठी कायदा करावा लागला.

आपण कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. दरवर्षी प्रत्येक शाखेतला निदान एक प्रोजेक्ट तालुक्यातल्या एखाद्या गावाने सांगितलेल्या अडचणीवर करा. त्याची तोंडी परीक्षा त्याच गावात घ्या आणि परीक्षकांच्या शेजारी शेतकऱ्यालाही खुर्ची द्या. मार्क त्यालाही देऊ द्यात.

हे झालं, की खुशाल ‘हब’ म्हणा.