उसाची नोंद आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

ऊसनोंदीची तारीख आपण कधी चुकवत नाही. पोरांच्या शिष्यवृत्तीची मात्र हमखास चुकते, आणि मग फीसाठी सोसायटीचं कर्ज! व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलेल्या, खुल्या गटातील मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ. वसतिगृहात राहणाऱ्या अल्पभूधारकाच्या पाल्याला डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वेगळा.

अडतं कुठं? तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. निकाल लागल्यावर सगळा तालुका एकदम सेतूत लोटतो. अल्पभूधारक दाखल्याचंही तेच. खात्याला आधार जोडलेलं नसलं तर मंजूर रक्कमही लटकते. शिवाय अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे कित्येकांच्या गावीच नसतं.

आमचं म्हणणं सरळ आहे. गाळप संपल्यावर गट कार्यालयातला एक लेखनिक महिनाभर याच कामाला द्यावा. सभासदाचा सातबारा त्याच्या दप्तरी असतोच. येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत.