घरात चित्रकार नसेल तर?

पुण्याचे मिलिंद मुळीक शिकले अभियांत्रिकी आणि आयुष्य दिले जलरंगांना. चित्रकला महाविद्यालयाची पायरीही न चढता त्यांनी हे माध्यम आत्मसात केले. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या, पायरीपायरीने चित्र उलगडून दाखवणाऱ्या त्यांच्या पुस्तकांवर कितीतरी हौशी हात तयार झाले. ते स्वयंशिक्षित, हे खरेच. पण त्यांचे वडील होते प्रताप मुळीक, ‘अमर चित्र कथा’ आणि ‘नागराज’चे चित्रकार. हात कसा चालतो, हे घरातच बघायला मिळत होते.

बीदरजवळच्या कमठाणा गावातल्या पोराला ते मिळत नाही.

बाकी सगळे आहे. तांबडी माती आहे, बीदरचा जांभ्या दगडाचा किल्ला आहे, महमूद गवानने १४७२ साली उभारलेला मदरसा आहे. त्याचा शाबूत राहिलेला मिनार रंगवायला बसले की जलरंगाची मेख कळते. इथे उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. मिनारावरचे ऊन आधी राखायचे, फिकट वॉश द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग टाइल्सचा निळा आणि शेवटी सावली, एका दमात. अर्धवट ओल्यात पुन्हा ब्रश फिरवला की रंग मळलाच. तैलरंगासारखे वरून झाकता येत नाही. त्यात इकडच्या उन्हाळ्यात वॉश बघता बघता वाळतो. हे हाताला बसायचे तर कागदांची थप्पी वाया जावी लागते.

ती थप्पी कोण देणार? ‘आवड असेल तर शिकेल आपला आपण’ म्हणणारे मोठे लोक स्वतःची जबाबदारी मुलाच्या गळ्यात घालतात. चिकाटी मुलाचीच हवी, पण पहिला जाड कागद, रंगांची डबी आणि ‘इथे पाणी जास्त झाले’ असे सांगणारे माणूस मोठ्यांनीच द्यायला हवे. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी चित्रकलेचा तास कापायचा आणि वर गावात कलाकार का निपजत नाहीत म्हणून हळहळायचे, हे बरोबर नाही.

करण्यासारखे थोडेच आहे. शाळेच्या कपाटात मुळिकांची दोन पुस्तके असावीत. सहल किल्ल्यावर नेताना डब्याबरोबर रंगही न्यावेत, आणि ऊन चढण्याआधी मुलांना तास-दोन तास एका जागी बसू द्यावे. हैदराबाद-पुण्याला नोकरीला गेलेले गावकरी जत्रेला वर्गणी पाठवतात, त्यांनी कागदाचा खर्च उचलावा. येत्या हिवाळ्यातली पहिली सकाळ मुख्याध्यापकांनी आताच ठरवून टाकावी.