आधी जाळी, मग धनादेश

मार्च लागला की भंडारा जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावांत मोह गळू लागतो आणि त्याच सुमारास वनखात्याचा इशाराही येतो : जंगलात एकटे जाऊ नका, पहाटे तर नकोच. लाखांदूर, पवनी, साकोली, लाखनीकडच्या बाया तो ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत टोपली काखेत मारून निघतात. त्यांना वाघ कळत नाही असं नव्हे. मोहफूल पहाटेपासून गळतं आणि ऊन तापेपर्यंत गळत राहतं. उशिरा पोचलेल्याच्या वाट्याला चितळांनी, गुरांनी आणि अस्वलांनी ठेवलेलं उष्टं येतं. घरच्या रोकड पैशाची ही एवढीच वेळ, ती कोण सोडेल?

या भागाने सीटी-१ हा वाघ पाहिला आहे. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या टापूत त्याने १३ माणसं मारली आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडशाच्या जंगलात बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं. तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला, पण इथे वाघ एक नाही. नागझिरा, कोका, उमरेड-पवनी-करांडला ही जंगलं तुटक तुकड्यांनी जोडलेली आहेत. गाजलेला ‘जय’ वाघ नागझिऱ्याहून निघून असाच उमरेड-करांडल्यात पोचला होता. वाघाची वाट गावाच्या शिवारातून जाते आणि मोहाची झाडंही बहुतेक त्याच शिवारात, बांधावर, जंगलाच्या कडेला उभी असतात.

धोका नेमका कुठे आहे, ते एकदा झाडाखाली उभं राहून पाहावं. अर्धवट उजेड. पाचोळ्यात पडलेलं एकेक फूल टिपायला बाई कमरेत वाकलेली, नाही तर उकिडवी बसलेली, पाठ जंगलाकडे. उभा माणूस वाघ सहसा टाळतो, पण वाकलेली आकृती त्याला चौपायी सावजासारखी दिसते. अस्वलाची तऱ्हा निराळी. त्याची नजर अधू आणि खाताना तोंड जमिनीत. माणूस अवचित पुढ्यात आला की ते दचकून अंगावरच येतं. म्हणून अस्वलाच्या रानात मोठ्याने बोलत, खाकरत, काठी आपटत जायचं, हे आपल्या आज्या सांगत आल्या. आता पोरं कानात इअरफोन घालून जातात. मोबाइलवर गाणी लावायचीच तर ती साऱ्या रानाला ऐकू जाऊ द्यावीत, निदान अस्वलाला तरी कळेल.

आणि या सगळ्यावर सरकारी उत्तर काय? फलक, इशारा, आणि माणूस गेल्यावर धनादेश. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २५ लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण त्याच्या आधी खर्च करायची एक स्वस्त जागा आहे : मोहाखाली बांधायची जाळी. छत्तीसगडमध्ये खाण्याजोगी स्वच्छ फुलं मिळावीत म्हणून झाडाखाली अशी जाळी बांधतात. तिथे ती भावासाठी आली, इथे ती जिवासाठी आणावी. जमिनीपासून वर ताणलेल्या जाळीत फूल पडलं की ते गुरांच्या, चितळांच्या तोंडी सहजी लागत नाही, त्यामुळे पहाटेची घाई उरत नाही. वाकून वेचणं जातं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची खोड जाते, आणि त्या आगीतून पेटणारं जंगलही वाचतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले. फूल मोकळं केलं, तर ते वेचणारीचाही विचार व्हायला हवा होता.

तेंदूपत्त्याला मात्र ही युक्ती लागू नाही. तिथे झुडपं कमरेएवढी, वाकणं अटळ, आणि मजुरी पुड्यावर. ७० पानांचा एक पुडा. जितके पुडे तितके पैसे, म्हणून जो तो दाट झुडूप शोधत पांगतो. घोळक्यात राहा, हे सांगणं सोपं आहे. पण घोळका असूनही भागत नाही : मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच हल्ल्यात गेल्या. सगळ्यांच्या माना खाली असतील तर दहा जणांचे डोळेही कामाचे नाहीत. दर टोळीमागे एकाने पान न तोडता, ताठ उभं राहून नुसतं रान बघायचं, एवढं केलं तरी फरक पडेल. पण त्याचा दिवस कोण भरून देणार? पुड्यावर मजुरी असताना फुकटची राखण कुणीच करणार नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभाच तेंदूचा करार करते. त्या करारात राखणदाराची रोजी ठेकेदाराच्या माथी लिहून घ्यायला कुणाची हरकत असणार? जिथे लिलाव वनखातं करतं, तिथे खात्याने लिहून घ्यावी.

राहिली जाळ्यांची खरेदी. मोहाचा हंगाम जेमतेम महिनाभराचा. मार्चमध्ये निघालेल्या निविदेची जाळी पावसाळ्यात गोदामात येते. निविदा दिवाळी उरकताच निघाली पाहिजे.