हसू आले ते असे
हलक्याफुलक्या संगीतपटांना मी आजवर वर्गातही नाक मुरडीत आलो. आई गेल्यापासून घरात कुणी हसले नव्हते. म्हणून कन्येने 'सिंगिंग इन द रेन' हा १९५२ सालचा चित्रपट लावला, तेव्हा केवळ तिच्या समाधानासाठी बसलो. बोलपटांचा जमाना येतो आणि मूकपटातल्या रूपसुंदरीचा चिरका आवाज उघडा पडतो. त्या फजितीला मोठ्याने हसलो तो मीच! पुढे जीन केली छत्री मिटून भर पावसात नाचला. ते नृत्य त्याने १०३ अंश तापात केले, असे कन्या म्हणाली. या हलकेपणामागे एवढे सोसणे होते तर! सौ. डोळे पुसत म्हणाली, "सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितले असते." आम्ही पुन्हा लावला.