आमदाराची डाळ, आमचा गहू आणि मंत्र्याची रमी

रविवारी चिखलीत कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. पुढं चार जण. भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर माणिकराव कोकाटेंचा सभागृहातला मोबाइलचा व्हिडिओ, गोल करून, बाण दाखवून, परत परत. ३१ जुलैच्या रात्री त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. दुकानात एकच हशा. "रमीवाल्याले खेळाचं खातं! बरोबर जागी बसवला." मीही हसलो, खोटं कशाला सांगू? (रमी खेळतच नव्हतो, मोबाइलवर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं आहे. तेही ऐकून सगळे हसले.)

मग मी सहज विचारलं, "नवीन कृषिमंत्री कोण झाला मग?"

दुकानात कारागिरासकट सहा माणसं. चौघांच्या घरी शेती. एकालाही पटकन सांगता आलं नाही. एकजण म्हणाला, थांब, गुगल करतो. दत्तात्रय भरणे. तोवर पोरानं चॅनल बदललं होतं आणि 'सैयारा' पाहून थिएटरात धाय मोकलून रडणारी पोरं दाखवणं चालू झालं होतं.

माझ्या शेजारी बसलेला दोस्त म्हणाला, "काहून एवढं टेन्शन घेतो बे? राजकारण मनोरंजन म्हणून पाहाचं अन् सोडून द्याचं."

राजेहो, ही पोस्ट त्या एका वाक्यावर आहे. तो दोस्त ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे. वाच लेका, आणि मग बोल.

मनोरंजनाला माझा विरोध नाही. सिनेमा मी पाहतो, 'हास्यजत्रा' तर जेवताना लागतेच. आमच्या घरी आईच्या सिरियलच्या वेळेत रिमोटला हात लावायची कोणाची टाप नाही. मुद्दा वेगळा आहे. राजकारण मनोरंजन म्हणून पाहायला लागलं की ज्या गोष्टीचा व्हिडिओ बनतो तेवढ्याच गोष्टीची दखल होते. ज्याचा व्हिडिओ बनत नाही ते प्रकरण आहे तिथंच पडून राहतं. हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो, आणि दोन्हीकडे विषय जेवणाचाच आहे.

८ जुलैची रात्र. मुंबईत आकाशवाणी आमदार निवासाचं कॅन्टीन. आपल्या बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड, कमरेला टॉवेल. डाळ खराब निघाली म्हणून कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला मारहाण. दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशानं पाहिलं. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात नापसंती सांगितली. पुढच्या आठवड्यात विरोधी पक्षाचे आमदार बनियान आणि टॉवेल लावून विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसले. म्हणजे एकानं सीन केला, दुसऱ्यांनी त्याची नक्कल केली, आणि आपण दोन्ही स्टेटसला ठेवले. पण या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. व्हिडिओ आला आणि लगेच अन्न व औषध प्रशासन कॅन्टीनमध्ये पोचलं. नमुने घेतले. परवाना निलंबित. एका दिवसात!

डाळ खराब असेल तर कारवाई व्हायलाच पाहिजे. ती खाणारा आमदार असो की त्याचा ड्रायव्हर. (ताट वाढणाऱ्या पोराला बुक्की मारून डाळ सुधारत नाही, एवढं त्यांच्या मतदारांनी त्यांना सांगायला हरकत नाही. २०२४ ला ते ८४१ मतांनी निवडून आले. म्हणजे एका मोठ्या लग्नाच्या पंगतीएवढी माणसं इकडची तिकडं झाली असती तर तो टॉवेल टीव्हीवर दिसलाच नसता.)

आता दुसरं जेवण. डिसेंबर २०२४ संपताना शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा. हात लावला की झुपका हातात. तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरी, शाळेतली लेकरं. घाटाखालचा तो खारपाणपट्टा, तिथल्या पाण्याची बोंब जुनीच, म्हणून आधी पाण्यावर संशय. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. मग आयसीएमआरची पथकं आली, रक्त नेलं, केस नेले, माती नेली. गाव दाखवायला चॅनलच्या गाड्याही आल्या, आणि एका पथकामागून दुसरं पथक यावं तशा निघूनही गेल्या. मग विंचूदंशाच्या कामासाठी ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो त्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः गावांत जाऊन नमुने घेतले, प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि सांगितलं की बाधितांच्या शरीरात सेलेनियम वाढलंय आणि संशय रेशनच्या गव्हावर आहे. एप्रिलात त्याच पट्ट्यातल्या लोकांची नखं गळायला लागली.

पावणेतीनशेच्या आसपास माणसं. हा आजार झाला तेव्हा केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री कोण? आपलेच खासदार प्रतापराव जाधव. २००९ पासून आपण त्यांना सलग चार वेळा निवडून दिलंय. बाहेरचा माणूस असता तर 'त्याला बुलढाणा नकाशात सापडत नाही' म्हणून सोडून दिलं असतं. इथं ती सोय नाही.

मग मला सांगा, मुंबईतल्या डाळीची तपासणी एका दिवसात होते आणि शेगावच्या गव्हाचं घोडं महिनोन्महिने अडून राहतं, हे का? खातं नाही म्हणून? प्रयोगशाळा नाही म्हणून? पैसे नाहीत म्हणून? यातलं काहीच नाही. डाळीमागं मारामारी होती. गव्हामागं नुसत्या डोक्याला रुमाल बांधून ओट्यावर बसलेल्या बाया होत्या. त्यांचा व्हिडिओ दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी लोक कंटाळले. कुठल्या गोदामातला गहू, कोणत्या महिन्यात, किती दुकानांत वाटला गेला, आणि जबाबदार कोण, हे कोणी त्या गावात येऊन पारावर उभं राहून सांगितल्याचं मी तरी पाहिलं नाही. ते सांगितलं नाही म्हणून कोणी बनियानवर पायऱ्यांवरही बसलं नाही.

आणि आता माझं. जानेवारीत माझ्या मोबाइलवर एक मीम आलं होतं. 'शेगावले चाल्ला? कंगवा घरीच ठेव.' मी हसलो आणि स्टेटसला ठेवलं. मी घाटावरचा, शेगाव घाटाखाली, दर्शनाला जातो तेवढाच संबंध असं समजत होतो. संध्याकाळी माझ्या बहिणीच्या नणंदेचा फोन आला. तिचं सासर त्याच भागातलं. म्हणाली, "दादा, तुमीबी?" एवढंच बोलली आणि ठेवला. तिच्या घरात लग्नाची पोरगी होती. पाहुणे पाहून जायचे होते ते आलेच नाहीत.

तर दोस्ता, मनोरंजन म्हणून पाहणं हे असं असतं. ज्याचं मनोरंजन होतं तो एका घरात, आणि ज्याचं झालं तो दुसऱ्या घरात.

आता 'छावा'वर येतो, कारण त्यावर बोललं की शिव्या पडतात आणि पडल्या तरी बोलायचं आहे. १४ फेब्रुवारीला आला, मी दोनदा पाहिला. शेवटची अर्धी तास मी मान वर करू शकलो नाही. विकी कौशलनं काम चांगलंच केलंय. मला सिनेमाबद्दल तक्रार नाही, सिनेमा संपल्यावर जे झालं त्याबद्दल आहे. मार्चमध्ये आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या पायथ्याशी, लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खोदत होते. का, तर सिनेमात बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचं आलंय म्हणून! त्याला आपण हसलो. पण तेव्हा अख्खा महाराष्ट्रच खोदायला निघाला होता, फक्त खुलताबादला. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितलं की 'छावा'मुळे लोकांच्या औरंगजेबाविरोधातल्या भावना जाग्या झाल्या आहेत.

आता त्याच आठवड्यात आपल्याकडं काय झालं ते आठवा. आठवतंय? १३ मार्च, होळीचा दिवस. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं जीव दिला. राज्य सरकारचा पुरस्कार मिळालेला शेतकरी. कर्जात बुडून पळ काढणारा नव्हता, गावासाठी भांडणारा होता. मागणी काय, तर खडकपूर्णाचं पाणी शेतीला मिळावं. त्यासाठी त्यानं आधी उपोषण करून पाहिलं होतं. अर्ज, निवेदनं, आश्वासनं, सगळं झालं होतं.

तो तालुका सिंदखेड राजाला लागून आहे. म्हणजे जिजाऊंचं माहेर. ज्या संभाजीराजांसाठी आपण थिएटरात रडलो त्यांच्या आजीचं माहेर. नेते येऊन भेटून गेले, दोन-तीन दिवस बातमी राहिली. आणि चौथ्या दिवशी नागपूर पेटलं, मग तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाची कबर ठेवायची की काढायची यावर सहा खिडक्या करून सहा जण आरडायला लागले. पाण्याच्या खिडकीला जागाच उरली नाही. कालव्याच्या पाण्यावर चर्चा ठेवली तर कोण आरडणार? पाटबंधारे विभागाचा अभियंता? तो हळू बोलतो, आणि आकडे सांगतो.

मला विचाराल तर औरंगजेब आपल्या राजकारण्यांना फार सोयीचा शत्रू आहे. तो मेलाय, तो उत्तर देत नाही, आणि त्याच्याकडून पाणी सोडून घ्यायचं नाही.

त्याच खडकपूर्णाच्या जलाशयाला आपण संत चोखोबांचं नाव दिलंय, कारण चोखोबांचं जन्मगाव म्हणून आपण तिथलंच मेहुणा राजा सांगतो. आणि एप्रिलमध्ये 'फुले' सिनेमाचं काय झालं? ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता, तो २५ ला आला. सेन्सॉरनं 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला सांगितले होते. एका सिनेमात डोळे काढताना आणि कातडी सोलताना पाहून आपला इतिहास जागा होतो, आणि दुसऱ्या सिनेमात नुसता जातीचा शब्द आला तर भावना दुखावतात. 'फुले' पाहून किती जण पेटून उठले? किती जणांनी गावातली एखादी वेगळी पाणवठ्याची जागा, वेगळी स्मशानभूमी मोडून काढली? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो सिनेमा पाहिलाच नाही. जे दुसऱ्यानं केलं ते पाहायला आपल्याला आवडतं. जे आपण केलं ते म्यूट.

नेत्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. स्मृती इराणी २०२४ ला अमेठीत हरल्या आणि आता २९ जुलैपासून परत तुळशी होऊन आल्यात. आमच्या आईनं पहिला भाग पाहिला, म्हणाली, "मंत्री होती तवा येवढी दिसली नाही." आपल्याकडं अमोल कोल्हे पडद्यावर संभाजीराजे झाले आणि मग शिरूरचे खासदार. मी त्यांना नावं ठेवत नाही, ते निदान संसदेत कांद्यावर बोलतात. पण ज्यांना अभिनय येत नाही तेही आता अभिनयच करतात, हा त्रास आहे.

राहिली रमी. कोकाटेंनी रमी खेळली नसती तर सोयाबीन सहा हजारानं गेलं असतं का? २०२४ च्या नोव्हेंबरात प्रचाराला आलेल्या पंतप्रधानांनी सोयाबीनला सहा हजार भावाचं सांगितलं होतं. हमीभाव होता ४,८९२, आणि आपल्या बाजार समितीत व्यापारी चार हजाराच्या आसपास बोलत होते. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता. कर्जमाफी देऊ म्हणाले होते, २८ मार्चला अजितदादांनी बारामतीत सांगितलं की तीन दिवसांत पीककर्ज भरून टाका. या कशावरच मंत्री बदलला नाही. व्हिडिओवर बदलला. आपण खूश झालो की 'विकेट पडली'. अरे, विकेट पडली तर रन कोणाचे वाढले? आपल्या बोर्डावर तर शून्यच आहे.

'आपल्या वऱ्हाडाचं कोणी दाखवत नाही' अशी रड पण आपलीच. मालिकेत वऱ्हाडी बोलणारा आला की तो हसवायलाच असतो, हे खरं आहे. पण आपल्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांनी 'बारोमास' लिहिली, तिला २००४ चा साहित्य अकादमी मिळाला, त्यावर सिनेमाही निघाला, तो हिंदीत. त्या दुकानात बसलेल्यांपैकी कितींनी कादंबरी वाचली होती? एकानं, आणि तो म्हणाला "कॉलेजात होती बाप्पा." शिकलेल्या पोराच्या घरात शेती कशी माणसं खाते हे त्यात लिहून ठेवलंय, आणि ते पाहायला आपल्याला सबटायटलचीही गरज नाही.

कमेंटमध्ये 'तू कोणत्या पक्षाचा' हे विचारू नका. त्यापेक्षा शेगाव, नांदुरा, संग्रामपूरकडचं कोणी वाचत असेल तर एवढं लिहा: तुमच्या रेशन दुकानात सध्या येणारा गहू तपासून आला आहे, असा कागद दुकानदारानं लावलाय का? लावला असेल तर फोटो टाका. नसेल तर गावाचं नाव टाका, यादी करून तहसीलला नेऊ. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्यांनी कालव्याला यंदा पाणी कुठवर आलं ते लिहा. व्हिडिओ नको, गावाचं नाव पाहिजे.

बहिणीच्या नणंदेला मी परवा फोन केला, माफी मागायला उशीरच झाला होता. ती म्हणाली, पोरीचे केस आले परत, आधीपेक्षा दाट आलेत. फोटो काढून पाठवू का पाहुण्यांना, असं विचारत होती. मी म्हटलं पाठव. मग म्हणाली, "पण दादा, गहू आमी अजून तोच खातो. दुसरा कुठून आनू?"