आता किती राहिलं?

आमच्या भिशीत बाराजणी आहोत. सगळ्या डोंबिवली पूर्वेच्या एकाच सोसायटीतल्या. महिन्याला दोन-दोन हजार काढायचे, पहिल्या रविवारी कुणा एकीच्या घरी जमायचं, वाटीतल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची आणि जिचं नाव निघेल तिच्या हातात चोवीस हजार ठेवायचे. मग पोहे, चहा, गप्पा. सात वर्षं हे असंच चाललं होतं. २०२४च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, नवी भिशी सुरू होणार होती. वाटी पुढे सरकवली आणि शिवणकाम करणारी आमची मैत्रीण म्हणाली, "पहिला नंबर मला द्याल का?"

नंबर आधी मागून घेणं काही नवीन नाही. मुलाची फी असते, कुणाकडे साखरपुडा असतो. "काय गं, काय काढलंयस?" असं कुणीतरी सहज विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "क्रेडिट कार्डाचे तेवीस हजार सहाशे आहेत. दीड वर्षं भरतेय. उतरतच नाहीयेत."

खोलीत एकदम शांतता झाली. दीड वर्ष ती आमच्या शेजारी बसून पोहे खात होती, आमचे ब्लाउज शिवत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. तेवढ्यात पोळीभाजीचे डबे देणाऱ्या ताई म्हणाल्या, "माझे एक लाख दहा आहेत." मग तिसरी मी. मी आकडा सांगू शकले नाही, कारण मी तो कधी मांडलाच नव्हता. यजमानीणबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, उलटलं आणि पेन माझ्या हातात दिलं. पर्सनल लोन तीन लाख दहा हजार. सोनं गहाण, पंचाण्णव हजार. कार्ड चौसष्ट हजार. धाकट्या दिरांचे एक लाख वीस. वाण्याची उधारी आठ हजार चारशे. बेरीज पाच लाख सत्त्याण्णव हजार चारशे. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवते, पण ही बेरीज मी पहिल्यांदा केली, आणि तीही अकरा बायकांसमोर.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो चिडला. घरातली गोष्ट चार लोकांत सांगितलीस कशाला, हे त्याचं म्हणणं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. २०२१ साली सासूबाई तीन आठवडे दवाखान्यात होत्या, त्याच वर्षी त्याची नोकरी गेली, नवी लागली ती कमी पगारावर. तेव्हापासून तो हे ओझं एकट्याचं समजून चालत होता. रात्री जेवणं झाल्यावर मी ओटा पुसत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि फोन माझ्यापुढे धरला. एका ॲपवरून घेतलेले अठरा हजार. "हे तुझ्या बेरजेत नाहीत," म्हणाला. मग मीही सांगितलं की गहाण पडलेल्या सोन्यात माझ्या दोन पाटल्या आहेत, मुलाच्या क्लासची फी भरायला ठेवलेल्या. त्याला वाटत होतं, त्या लॉकरमध्ये आहेत. एकाच घरात, एकाच ओट्याशी उभं राहून आम्ही तीन वर्षं एकमेकांना वाचवत होतो, आणि त्यात दोघंही खोल चाललो होतो. खरा आकडा सहा लाख पंधरा हजार चारशे होता. त्या रात्री तो वहीत लिहिला, खाली दोघांनी सही केली. सही कशासाठी, ते आज सांगता येणार नाही, पण तेव्हा ती करावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मैत्रिणी शिवणकामवालीकडे गेलो ते तिचं कार्डाचं बिल घेऊन बसायला. हे गणित प्रत्येकीने एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावं. तिच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीस. तेवीस हजार सहाशेवर महिन्याचं व्याज आठशे सव्वीस. व्याजावर अठरा टक्के जीएसटी, एकशे एकोणपन्नास. ती दर महिन्याला बिलावरची 'किमान रक्कम' भरायची, अकराशे ऐंशी. त्यातले नऊशे पंचाहत्तर व्याजात आणि करात जायचे. मुद्दलात जमा व्हायचे फक्त दोनशे पाच रुपये. आणि मधे एखाद्या महिन्यात गॅस किंवा औषधं कार्डावर घेतली की तेही गेले. ती दर महिन्याला वेळेवर भरत होती, एकदाही चुकली नव्हती. कागदावर हे मांडल्यावर ती बराच वेळ त्या दोनशे पाचवर बोट ठेवून बसली होती.

भिशीचे चोवीस हजार तिने त्याच आठवड्यात कार्डात भरले. आता ती महिन्याला दोन हजार भिशीत भरणार होती, आणि ते सगळेच्या सगळे मुद्दलात. आमच्या आज्यांना हे माहीत होतंच म्हणा. भिशी ही बिनव्याजी उचल आहे, जिला आधी लागते तिला आधी, बाकीच्यांची बचत. आम्ही मात्र चिठ्ठ्यांच्या मजेत ते विसरून गेलो होतो. त्या वर्षी आम्ही चिठ्ठ्या काढल्याच नाहीत. जिचं व्याज सगळ्यांत जास्त तिचा नंबर आधी, असं ठरलं. दुसरा नंबर माझा लागला. ज्यांच्यावर काहीच कर्ज नव्हतं अशा चौघीजणी आपणहून शेवटी थांबल्या. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. आधी उचलणारीने मधेच हात वर केले असते, तर बुडाले असते ते त्यांचेच पैसे. कुणी कमिशन घेत असेल किंवा जास्त परताव्याचं आमिष दाखवत असेल, तर त्या भिशीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आमची टिकली, कारण आम्ही रोज एकाच जिन्यावरून चढतो-उतरतो.

नियम म्हणाल तर एकच. 'एवढं झालं कसं?' हे कुणी कुणाला विचारायचं नाही. लग्नात केलेला खर्च, नवऱ्याचं व्यसन, दिवाळीला घेतलेला मोठा टीव्ही, सगळ्याला कारणं असतात, आणि ती त्या घराला पाठ असतात. महिन्याला वही उघडायची आणि विचारायचं, "आता किती राहिलं?" आकडा वाढला असला तरी हाच प्रश्न, आणि त्याच आवाजात. हे सोपं नव्हतं. सुरुवातीला एकीने डबेवाल्या ताईंना "पण तुम्ही मोबाइल नवीन घेतलात ना?" असं विचारलं होतं. पुढच्या रविवारी ताई आल्याच नाहीत. आम्ही तिघीजणी त्यांच्याकडे गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या, वर बघेनात. आम्हीही काही बोललो नाही. एकीने पोळपाट ओढून घेतला, एक तव्यापाशी उभी राहिली, मी डब्यांची झाकणं लावली. चाळीस पोळ्या झाल्यावर ताई म्हणाल्या, "एक लाख चार राहिलेत."

फोनचं सांगते. ॲपवाल्यांचे फोन येतात तेव्हा माणूस किती लहान होतो, ते मी नवऱ्याच्या चेहऱ्यावर बघितलंय. फोन स्टीलच्या डब्यावर ठेवलेला असला आणि थरथरला, की डब्याचा तो आवाज ऐकून माझा मुलगा पुस्तकातून मान वर करायचा. तळमजल्यावरच्या एका मुलीकडे तर रात्री साडेनऊला फोन यायचे, तुझ्या ऑफिसात कळवू, तुझ्या सासरी फोन लावू. एका रात्री आम्ही पाचजणी तिच्या घरी जाऊन बसलो. फोन आल्यावर स्पीकरवर टाकला. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकूंनी शांतपणे सांगितलं, "सात वाजून गेलेत. तुमचं पूर्ण नाव आणि तुम्ही कुठल्या कंपनीकडून बोलताय ते सांगा, मी लिहून घेतेय." फोन कट झाला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात असंही सांगितलं की कर्ज देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायचा नाही. तक्रार आधी त्या कंपनीकडे लेखी करायची, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्या मुलीलाही हे कुठेतरी वाचून माहीत होतं. पण एकटीने फोन धरल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. शेजारी चौघी बसल्या असल्या की फुटतो. पुढच्या वेळी ती स्वतःच बोलली.

सासूबाईंपासून आम्ही हे सगळं लपवलं होतं. एप्रिलमध्ये बैठक आमच्याकडे होती, तेव्हा त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायच्या. वीस-बावीस गिरणी कामगार जेवायला. कामगार पगाराला पैसे देणार, तोवर वाण्याकडून माल उधार, आणि त्याच्यावर व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांचं. घरात तारण ठेवायला भांड्यांशिवाय काही नसलेल्या या बायकांनी एकमेकींच्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज घेतलं आणि सावकाराच्या, वाण्याच्या व्याजातून मान सोडवली. सासूबाई म्हणाल्या, "हप्त्याच्या दिवशी आम्ही एकमेकींच्या दारात जायचो. ओरडायला नाही. हिचे भरायला कमी आहेत का, ते बघायला." मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. गिरण्यांची धुराडी थंडावली, कामगार गावाला निघून गेले, आणि त्यांच्याकडची बाकी खानावळींच्या वह्यांत तशीच राहिली. त्यांची ती वही त्यांनी अजून जपून ठेवलीय. त्या दिवशी ती बाहेर आणली. सगळ्यांनी हात लावून बघितली. शेवटी त्या मला म्हणाल्या, "माझ्या दवाखान्याचे किती होते त्यात?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्या पेन्शनमधले पाचशे माझ्या हातात ठेवू लागल्या. मी आधी नको म्हणाले. ते चुकलंच माझं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फेडण्यातला वाटा नाकारला की त्याच्याकडे नुसता अपराध उरतो.

आम्ही दोन गोष्टी मुद्दाम टाळल्या. कुणी कुणाला जामीन राहायचं नाही. जामीनदारावर कायद्याने कर्जदाराइतकीच जबाबदारी येते, आणि पतसंस्थेच्या नोटिशीने तुटलेली मैत्री मी माझ्या माहेरी पाहिलीय. दुसरी गोष्ट तडजोडीची. वसुलीवाले शेवटी म्हणतात, अर्धे भरा, मिटवून टाकू. ते फार मोहाचं वाटतं. पण सिबिलच्या अहवालात मग 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घराचं किंवा मुलाच्या शिक्षणाचं कर्ज काढताना तो आडवा येतो. अगदीच पर्याय नसेल तर ठीक. आमच्यातल्या दोघींना तसं करावं लागलं आणि त्यांना आम्ही एका शब्दाने बोललो नाही.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. बँकेतल्या काकूंचं म्हणणं, जास्त व्याजाचं आधी फेड, दिरांचे एक लाख वीस बिनव्याजी आहेत, ते सगळ्यात शेवटी. हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण हातउसन्या पैशाची गोष्ट निराळी असते. दीर संगमेश्वराकडच्या गावी राहतात, आंब्याची थोडी कलमं आहेत, त्यातले साठवलेले पैसे त्यांनी सासूबाईंच्या आजारपणात एका फोनवर पाठवले होते. त्यांनी कधी मागितले नाहीत. आणि म्हणूनच आम्ही दोन वर्षं गणपतीला गावी गेलो नव्हतो. मुलाची परीक्षा, नवऱ्याला सुट्टी नाही, अशी कारणं दिली. कोकणातल्या माणसाने गणपतीला घरी न जाण्याचं काय होतं, ते तिकडच्यांनाच कळेल. सासूबाई चतुर्थीला सकाळपासून कुणाशी बोलायच्या नाहीत. मी भिशीत सांगितलं की महिन्याला तीन हजार दिरांना जाणार, कार्डाला कमी पडले तरी चालतील. काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि वहीत ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली.

पहिले तीन हजार पाठवले त्या संध्याकाळी दिरांचा फोन आला. "वहिनी, हे कशाला पाठवलंत?"

"भावजी, दर महिन्याला येतील. नको म्हणू नका."

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. आई कशी आहे?"

एकोणीस महिने झाले आता. कार्ड बंद केलं, कात्रीने चार तुकडे केले. ॲपचे अठरा हजार पहिल्या उन्हाळ्यातच गेले. पाटल्या सोडवून आणल्या, मंगळसूत्र अजून गहाण आहे, त्यावर चाळीस हजार. पर्सनल लोनचे एक लाख एकोणऐंशी, दिरांचे त्रेसष्ट हजार. या महिन्यात "आता किती राहिलं?" असं विचारल्यावर मी सांगितलं, दोन लाख ब्याऐंशी हजार. शिवणकामवालीने टाळी वाजवली. तिचं केव्हाच शून्य झालंय, तरी ती वही घेऊन येते.

फेब्रुवारीपासून माझ्या वहीत एक नवं पान आहे, वर 'गणपती' असं लिहिलेलं. महिन्याला सातशे. त्यातून जाता-येतानाची चार तिकिटं काढली, सासूबाईंना खालचा बर्थ मिळालाय. उरलेल्या पैशांतून दिरांच्या मुलीला फ्रॉक घ्यायचाय, तो शिवणकामवालीकडे टाकलाय. माप फोनवर घेतलं. ती म्हणाली, गुरुवारपर्यंत देते, शिलाई भिशीच्या दिवशी दे.